अर्धी मात्रा

"आली?"

"आली की, गुरुजी."

"नीट आली?"

"आता काय लिहून देऊ?" मी म्हणाले आणि पेटीचा भाता दाबून बंद केला.

गुरुजी हसले. टॉवेलनं मान पुसत खिडकीशी जाऊन उभे राहिले. त्यांच्या पाठीमागून दस्तगीरभाई माझ्याकडे बघत होते. दोन्ही हात तबल्यावर तसेच. नजर हटवेनात, तेव्हा मीच मान खाली घालून पेटीच्या पट्ट्या रुमालानं पुसायला लागले. त्यांच्यावर पुसण्यासारखं काही नव्हतं.

सम आली नव्हती. गुरुजींचा डावा पाय अर्धी मात्रा मागं पडला होता आणि ती अर्धी मात्रा मी झाकली होती.

चार ऑगस्ट, सत्त्याऐंशी साल. श्रावणातला मंगळवार होता. मी सव्वीस वर्षांची होते आणि मिरजेला दामोदर कुरुंदवाडकरांच्या कथकच्या क्लासात पेटी वाजवायचे. पेटीवाली बाई म्हटलं की लोकांना वाटायचं, असेल भजनी मंडळातली. मी नाचाला लेहरा धरायचे. लेहरा म्हणजे सोळा मात्रांची एकच सुरावट, तीच ती, तास तास. माझी आई म्हणायची, "अगं, सात वर्षं शिकलीस आणि एकच ओळ येते व्हय तुला?" तिला काय सांगायचं, कपाळ! नाचणारा तुकडा घेतो ना, तेव्हा तबलेवाला ठेका सोडून त्याच्या पायाबरोबर जातो. मग ताल उरतो कुणाजवळ? पेटीजवळ. तेवढी एक ओळ सरळ चाललेली असते. नाचणारा कुठंही भटकला तरी तिच्यावरून त्याला कळतं, सम अजून किती लांब आहे. सम म्हणजे पहिली मात्रा. तिथं पाय, तबला आणि सूर एकदम येऊन पडायचे. पडले तर वाहवा, नाही पडले तर तोंड लपवायचं.

म्हणून लेहरा धरणाऱ्याला नियम एकच. आकाश कोसळलं तरी ओळ वाकवायची नाही. आता माझ्याकडं ज्या मुली येतात त्या आपसात म्हणतात, बाई कसाई आहेत, केसभरसुद्धा सोडत नाहीत. मला ऐकू येतं. म्हणू देत.

त्या मंगळवारी मी वाकवली. तिहाईचा, म्हणजे तीनदा घेऊन समेवर आणायच्या त्याच त्या बोलांचा, शेवटचा बोल येताना डावा पाय उशिरा निघाला ते मला दिसलं आणि माझ्या बोटांनी शेवटचे दोन सूर ओढून धरले. पाय पडला तिथं समेचा सूर टाकला. मी ठरवून केलं म्हणावं तर तसं नाही. बोटांनी केलं. पण "आली" म्हणाले ते मात्र मीच.

का म्हणाले ते सांगते. त्याच्या आधी सहा महिने सांगलीत बाहेरगावच्या एका मोठ्या नर्तकाचा कार्यक्रम झाला होता. त्या माणसाच्या दोन समा चुकल्या, आणि तरी तो हसत हसत हार घालून घेत होता. गुरुजी तिथून आले ते धुमसतच. दुसऱ्या दिवशी सगळ्या मुलींसमोर म्हणाले, "माझी सम चुकेल त्या दिवशी घुंगरं कृष्णेत. दुसरा दिवस उजाडू द्यायचा नाही."

दुसरं कुणी म्हणालं असतं तर आपण म्हणतो, बोलायची गोष्ट. पण हा माणूस तसला नव्हता. एकदा चहावरून बायकोशी, म्हणजे आमच्या शरयूकाकूंशी, भांडण झालं, तर चहा सोडला. बावीस वर्षं झाली होती. सख्ख्या भावाशी बोलणार नाही म्हणाले, तर भाऊ गेला त्या दिवशी खांदा द्यायला गेले आणि न बोलता परत आले. घुंगरं कृष्णेत म्हणजे कृष्णेतच. आणि क्लासला पंचवीस वर्षं पुरी होत होती. वीस सप्टेंबरला, रविवारी, सांगलीच्या थिएटरात गुरुजी स्वतः दीड तास नाचणार होते.

आणि माझं म्हणाल तर माझं लग्न दोनदा ठरून मोडलेलं. घरी वहिनीचं राज्य. त्या खोलीतले सकाळ-संध्याकाळचे चार तास, तेवढंच माझं होतं. गुरुजींनी नाच थांबवलेला मला नको होता. बस्स. दुसरं काही माझ्या मनात नव्हतं.

त्या दिवशी क्लास सुटल्यावर आम्ही तिघं जिना उतरलो. गुरुजी पुढं होते. त्यांचं घर वरच, पण आम्हाला पोचवायला फाटकापर्यंत आले, मुलींच्या पोशाखांचं काहीतरी सांगत होते. मी बघितलं तर डावा पाय अनवाणी. चप्पल मागं तिसऱ्या पायरीवर राहिली होती.

"गुरुजी, चप्पल," दस्तगीरभाई ती हातात घेऊन मागून आले.

गुरुजींनी खाली पायाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "बघा की! म्हातारा झालो. उद्या धोतर विसरेन." आम्ही हसलो. फाटकाशी टोचरी खडी होती, आणि ती त्यांना टोचली कशी नाही, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

ते वर गेल्यावर दस्तगीरभाईंनी मला कोपऱ्यावरच्या टपरीवर थांबवलं. चाळिशीचा माणूस. बाप-आजे तंबोरे करणारे, हा एकटा तबल्याकडं वळलेला. बोलायचे कमी.

"मंदाताई, तुम्ही सम ओढली."

"तुमचे कान वाजताहेत."

"माझे कान वाजत नाहीत. पाय लेट होता. तुम्ही थांबला."

"अर्धी मात्रा हो! थकले असतील. पंचावन्नाव्या वर्षी नाचून दाखवा तुम्ही."

"थकू देत की. पण लेहरा म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. घड्याळच कुणी मागं केलं, तर माणसाला कळायचं कसं, आपण लेट आहोत म्हणून?"

"मग जा, सांगा त्यांना," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "जा! सांगा, गुरुजी, तुमची सम चुकली. आणि मग घुंगरं पोचवायला पण तुम्हीच जा घाटावर."

त्यांचा चहा बशीत तसाच निवला. मग म्हणाले, "कार्यक्रम होऊ दे. मग सांगू."

"मग सांगू," मी म्हणाले.

शनिवारी सकाळी सहाला गुरुजींचं बोलावणं आलं. एकटीच ये म्हणाले. मी गेले तर खोलीत दस्तगीरभाई नव्हते, तबल्यावर कापड तसंच. गुरुजी घुंगरं बांधून उभे. डोक्याला बाम चोळलेला, खोलीभर त्याचा वास. सदऱ्याच्या खिशातून एक चौकोनी घडीचा कागद काढला, उलगडला, परत घडी घालून खिशात ठेवला.

"तबला नको?" मी विचारलं.

"नको. नुसता लेहरा. चंद्रकंस धर. आणि हे बघ मंदे, माझ्याकडं बघायचं नाही. पेटीकडं बघून वाजव. आज मला फक्त लेहरा पाहिजे, सरळ."

असं ते कधी बोलत नसत. लेहरा सरळच असतो, ते कुणी सांगावं लागत नाही. मला वाटलं, कळलं की काय यांना? मी वाजवायला लागले.

एकच तिहाई त्यांनी अकरा वेळा घेतली. मी मोजली. पेटीकडं बघून वाजव म्हणाले होते, पण मला बघायची गरजच नव्हती. घुंगरांवरून कळत होतं. उजव्या पायाची घुंगरं झण्णकन बोलायची आणि डाव्या पायाची जरा मागून, जरा बारीक, जणू दोन वेगळी माणसं नाचताहेत. अकरापैकी आठ वेळा पाय मागं होता. आठही वेळा मी थांबले.

प्रत्येक वेळी ते विचारायचे, "आली?"

"आली."

"खरं?"

"आली, गुरुजी."

अकराव्या वेळी ते मटकन खाली बसले. घामानं चिंब झाले होते. आणि हसायला लागले. मोठमोठ्यानं हसले. एवढं कशाला हसताहेत, मला कळेना. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

"काही झालेलं नाही मला," ते म्हणाले. "बघितलंस? काही झालेलं नाही. ऐकलंस का गं, शरयू! शिरा कर आज!"

शरयूकाकू दारात आल्या. त्या आधीपासून तिथंच असाव्यात. "झालं का समाधान?" त्यांनी विचारलं. गुरुजींना नाही, मला विचारल्यासारखं. मी मान हलवली. काकूंनी पदरानं तोंड पुसलं आणि आत गेल्या. शिऱ्यात त्या दिवशी त्यांनी बेदाणे घातले होते.

मी पेटी बंद करायला गेले तर ती डुगडुगली. त्या खोलीच्या शहाबादी फरशीला उतार होता, माझी पेटी नेहमीच डुगडुगायची आणि मी नेहमीच तक्रार करायचे. गुरुजींनी खिशातला तो कागद काढला, आणखी दोन घड्या घातल्या आणि पेटीच्या कोपऱ्याखाली सारला. पेटी हलवून बघितली.

"घे. आता हलणार नाही," म्हणाले.

एक गोष्ट मला आता कळते. गुरुजींचा कान म्हणजे कान होता. हॉलमध्ये चौथ्या रांगेतल्या मुलीचं एक घुंगरू तुटलं तरी त्यांना ऐकू यायचं. अशा माणसाला मी आठ वेळा ओळ ओढली ते समजलं नाही. पायापेक्षा ते जास्त भिण्यासारखं होतं. मी भ्याले नाही. उलट मनातल्या मनात म्हणाले, बघ, इतक्या सफाईनं वाजवते मी, की गुरुजींनासुद्धा कळत नाही. असा गर्व झाला होता मला. सांगायची लाज वाटते.

मग दीड महिना तसाच गेला. अर्धीची पाऊण झाली. दस्तगीरभाई न बोलता लय खाली ठेवायला लागले, म्हणजे पायाला सवड मिळावी. मी ओढत होते, ते उतरवत होते आणि आम्ही दोघं एकमेकांकडं बघत नव्हतो. गुरुजी चिडायचे. "लय झोपली का रे दस्तगीर? काल रात्री काय उरूस होता?" असं म्हणून चुटकी वाजवून लय चढवायला लावायचे. चुटकी उजव्या हातानं. डावा हात कमरेवर असायचा, तो तिथंच.

गणपतीत काकू म्हणाल्या, "सकाळी उठल्या उठल्या उलटी होते गं यांना. पित्त झालंय. कोकम देते."

"द्या," मी म्हणाले. मिरजेत राहून आम्ही पित्ताला कोकम देत होतो. अहो, मिरज म्हणजे दोनच गोष्टी, तंबोरे आणि डॉक्टर! क्लासच्या खिडकीतून तीन दवाखान्यांच्या पाट्या दिसायच्या. पण सम येत होती ना. रोज सकाळी, रोज संध्याकाळी. मी आणत होते.

वीस सप्टेंबरला थिएटर भरलं. जुन्या विद्यार्थिनी पोरंबाळं घेऊन आल्या होत्या. पडद्यामागं गुरुजी घुंगरं बांधायला बसले. दीडशे घुंगरांची दोरी, जन्मभर स्वतःच्या हातानं बांधलेली. उजव्या पायाची बांधली. डाव्या पायाची दोरी दोनदा सुटली. तिसऱ्यांदा ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "मंदे, जरा गाठ मार गं." मी खाली बसून गाठ मारली. पाऊल थंडगार होतं. गाठ मी इतकी करकचून आवळली तरी ते हूं की चूं बोलले नाहीत.

"गुरुजी, आज मध्य लयीतच घ्या," मी म्हणाले. "आज तेवढं ऐका माझं."

"का गं? तुझी बोटं दुखतात?"

तेव्हा बोलायचं होतं. तो क्षण माझ्या हातात होता, ते पाऊल हातात होतं तसाच. दस्तगीरभाई हातोडीनं तबला ठोकत होते, त्यांची हातोडी थांबली. ते वाट बघत होते मी काय बोलते त्याची.

"हो, दुखतात जरा," मी म्हणाले.

"मग शेक घे उद्या," गुरुजी म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात टाकून उठले. सगळा भार माझ्या खांद्यावर आला.

पहिला अर्धा तास बरा गेला. संथ लयीत त्यांची नजर, मान, मनगट, सगळं होतं तिथं होतं, लोक डोलत होते. मग त्यांनी चुटकी वाजवली. लय चढली. पुन्हा चुटकी. दस्तगीरभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी मानेनं नको म्हणाले. गुरुजींनी तिसरी चुटकी थेट त्यांच्या तोंडासमोर वाजवली.

त्यानंतरचं सांगते. पहिला तुकडा, एक मात्रा. दुसरा, दीड. तो लेहरा आता लेहरा राहिलाच नव्हता. मी त्यांच्या पायामागं पेटी घेऊन पळत होते. लोक टाळ्या वाजवत होते. सम दिसत होती ना त्यांना! पाय, तबला, सूर, एकदम. पुढच्या रांगेत बसलेले एक म्हातारे पेटीवाले मात्र टाळी न वाजवता माझ्याकडं रोखून बघत होते. मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं.

गुरुजी माइकपाशी आले. दम लागला होता. चेहऱ्यावर इतका आनंद होता, की आजही तो डोळ्यांपुढून जात नाही.

"मंडळी," ते म्हणाले, "पंचवीस वर्षांत सम चुकलेली नाही. मी सांगत नाही, नाचणारा स्वतःचं काय सांगणार? साक्षीला आमची मंदा आहे. तिचा लेहरा खोटं बोलत नाही."

काय टाळ्या पडल्या! मला उठून नमस्कार करावा लागला. उठले, केला, खाली बसले.

शेवटचं चक्करदार होतं. एकच तिहाई तीनदा, प्रत्येकीत गिरक्या. पहिली झाली. दुसरी झाली. तिसरीत गिरकीतून बाहेर येताना डावा पाय आलाच नाही. उजवा पाय आपटत राहिला, बोल बरोबर, वजन बरोबर, एकटाच. गुरुजी खाली बघत होते. त्या दिवशी फाटकाशी चप्पल नसलेल्या पायाकडं बघितलं होतं तसंच. मी समेच्या आधीचा सूर धरून बसले. धरला, धरला, धरला. तो पाय पडेल म्हणून धरला. मग डावीकडचं अंग झटके द्यायला लागलं आणि गुरुजी घुंगरांसकट आडवे झाले.

लोकांना क्षणभर वाटलं, हाही नाचाचाच भाग. काहींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. आणि माझा हात थांबेना. दस्तगीरभाईंनी तबला सोडून येऊन भात्यावर पंजा ठेवला, तेव्हा कुठं पेटी गप्प झाली.

मेंदूत गाठ होती. डॉक्टर तरुण होते, चिडके. फोटो उजेडासमोर धरून म्हणाले, "एवढी गाठ एका दिवसात होत नाही. डावा पाय आधीपासून ओढत असणार. कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"अहो, नाचत होते ते!" काकू म्हणाल्या. "कालपर्यंत नाचत होते. पाय ओढणारा माणूस नाचेल का?"

"तेच मला समजत नाहीये," डॉक्टर म्हणाले. "साधी गाठ आहे. दीड-दोन महिन्यांपूर्वी आला असता तर काढून हिंडते-फिरते केले असते. आता आत रक्त झालंय. आधी कुणाला दाखवलं होतं का? काही कागद?"

काकूंनी मला बाजूला घेतलं. "मंदा, एक चिठ्ठी होती बघ. श्रावणात यांना पाय जड वाटत होता, तर मी मागं लागून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडं पाठवलं. त्यांनी मोठ्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. हे मला म्हणाले, आधी मी माझी परीक्षा घेतो. मंदेच्या लेहऱ्यावर तिहाई घेतो. मला काही झालं असेल तर सम चुकेल. नाही चुकली, तर डॉक्टर कशाला? आणि तूच नाही का म्हणालीस, आली म्हणून. अकरा वेळा. मी दारातच उभी होते." त्यांनी माझा हात धरला. "ती चिठ्ठी कुठं टाकली कोण जाणे. क्लासात बघून ये."

मला बघावं लागलं नाही. मी खोली उघडली. पेटी सांगलीला नेली होती, पण कागद तिच्या जागी तसाच होता. दीड महिना पेटीखाली दाबून तो फरशीला चिकटला होता. डाव्या पायात अशक्तपणा, सकाळी डोके दुखते, मेंदूची तपासणी तातडीने व्हावी. तारीख सात ऑगस्ट. तातडीने शब्दाखाली दोन रेघा मारल्या होत्या. त्या चिठ्ठीवर पेटी ठेवून मी रोज चार तास वाजवत होते.

मी ती पर्समध्ये घातली, परत गेले आणि काकूंना सांगितलं, सापडली नाही.

गुरुजींवर शस्त्रक्रिया झाली. वाचले. डावं अंग गेलं ते गेलंच. बोलणं जड झालं, एकेक शब्द उचलून आणावा लागायचा. दिवाळी झाल्यावर घरी आणलं, त्याच खोलीत खाट टाकली. दस्तगीरभाई रोज येऊन पायाला तेल चोळायचे. मी गेले नाही. ताप आहे म्हणून कळवलं, आईला बरं नाही म्हणून कळवलं. शेवटी निरोप आला, पेटी घेऊन जा तुझी. तेव्हा गेले.

मी दारात दिसले तशी गुरुजींनी मान वळवली. तोंडाची एक बाजू हसली.

"वाजव," ते म्हणाले.

"गुरुजी, राहू दे की आज."

"वाजव."

मी चंद्रकंस धरला. अगदी संथ. पेटी डुगडुगत होती. त्यांनी उजवा हात पांघरुणातून काढला आणि खाटेच्या लाकडावर बोटांनी तिहाई घ्यायला लागले. तीच. हळू, अडखळत. शेवटचा बोल येत होता. माझ्या बोटांना सवय लागली होती, ती थांबायला बघत होती. मी थांबू दिली नाहीत. समेचा सूर समेच्याच जागी पडला आणि त्यांचं बोट मागून लाकडावर टेकलं.

"आली?"

दस्तगीरभाईंचा हात तेलाच्या वाटीत होता, तो तिथंच राहिला. काकू स्वयंपाकघराच्या दारात होत्या.

"नाही, गुरुजी," मी म्हणाले. "पाऊण मात्रा मागं."

ते माझ्याकडं बघत राहिले. डोळे अजून तसेच तीक्ष्ण होते.

"आणि... तेव्हा?"

"तेव्हापण नाही."

"कधी... पासून?"

"श्रावणापासून." मला रडू फुटलं. "त्या सकाळी अकरापैकी आठ वेळा चुकली होती, गुरुजी. मी ओढत होते. तुम्ही घुंगरं कृष्णेत टाकाल म्हणून ओढत होते. दुसरं काही नव्हतं माझ्या मनात, आईशपथ!"

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग उजव्या हाताचं बोट उचलून कपाटाकडं दाखवलं. घुंगरं तिथं वरच्या फळीवर होती.

"घेऊन जा. कृष्णेत."

"नको ना, गुरुजी!"

"रडतेस... काय?" ते म्हणाले. शब्द शोधायला त्यांना फार वेळ लागत होता, आणि आम्ही तिघंही थांबून होतो. "ही... श्रावणातच... टाकायची होती... मंदे."

मी पर्समधून चिठ्ठी काढून काकूंच्या हातात दिली. त्यांनी ती चष्म्याशिवायच वाचली, कारण काय आहे ते त्यांना माहीत होतं. मग त्या आत गेल्या आणि घुंगरांसाठी कापडी पिशवी घेऊन आल्या. ती माझ्यासमोर जमिनीवर ठेवली. हातात दिली नाही.